बेलच्या वायरीवरचा फ्लॅश

वृंदाचे डोळे टपोरे होते हे बिदरच्या सगळ्या मैलूर भागाला ठाऊक होतं, पण फोटोत ते आजवर एकदाही उतरले नव्हते. पहिलीच्या ग्रुप फोटोत पोरगी झोपलेली. दहावीच्या फॉर्मवर झोपलेली. कॉलेजात वक्तृत्वाचं बक्षीस घेताना, पाहुण्यांच्या हातात हात देऊन, उभ्या उभ्या झोपलेली! फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला की वृंदाची नजर त्याच्या डोक्यावरच्या फ्लॅशला चिकटायची, आता उडतो, मग उडतो असं करत पापण्या फडफडायच्या, आणि नेमक्या त्या क्षणाला गच्च मिटायच्या. लग्नासाठी म्हणून स्थळांना फोटो पाठवला तर उदगीरच्या एका पाहुण्यांचं उत्तर आलं, "मुलगी पसंत आहे, पण तिला दिसतं ना?"

ते कार्ड वाचून इंदुताई आठवडाभर धुमसत होत्या.

इंदुताई म्हणजे वृंदाची आत्या. बिदरला मुलींच्या शाळेत सायन्स शिकवायच्या. वहिनी, म्हणजे वृंदाची आई, वारली तेव्हा वृंदा दोन वर्षांची होती. पांडुरंगराव, म्हणजे इंदुताईंचा भाऊ, पोरीला खजुरीहून एसटीनं घेऊन आला, तिला बहिणीच्या मांडीवर ठेवलं आणि दुपारच्या गाडीनं परत गेला. तेव्हापासून मैलूरच्या त्या दोन खोल्यांत ह्या दोघीच. इंदुताईंचं लग्न राहून गेलं ते गेलंच. लोकांनी हळहळ केली, पण बाईंना स्वतःला हळहळायला सवड कुठं होती? शाळा, वृंदा आणि एक फोटोचा नाद. रिटायर झालेल्या हेडमास्तरांचा जुना जपानी कॅमेरा त्यांनी विकत घेतला होता, त्याच्यावर बसवायची फ्लॅशगनही घेतली होती, आणि दिसेल त्याचे फोटो काढून त्या स्वयंपाकघरात लाल बल्ब लावून ते धुवायच्या.

"कामून गं मिटतीस डोळे?" त्या वैतागून विचारायच्या.

"मी कुठं मिटते आत्या? ते आपोआप मिटायलेत!"

शेवटी नरहर नावाचा एक शहाणा मुलगा फोटोवर विश्वास न ठेवता स्वतःच बघायला आला. भिलाईला लोखंडाच्या कारखान्यात नोकरी. चहाचा कप घेताना त्यानं वृंदाकडं बघितलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "अरे, डोळे आहेत की!" वृंदा फस्सकन हसली आणि लग्न ठरलं.

सगळं झकास. पण भिलाई! तीन गाड्या बदलून जायचं गाव. वर्षातनं एकदा येणं झालं तर झालं. पोरगी जाणार, मागं घरात तिचा फोटो पाहिजे, आणि घरात जेवढे फोटो तेवढे डोळे मिटलेले. इंदुताईंनी एक फ्रेम करून भिंतीवर टांगून बघितली आणि दोन मिनिटांत काढली. हसत्या-खिदळत्या पोरीचा डोळे मिटलेला फोटो भिंतीवर कसा लावायचा? अभद्र दिसत होतं. त्यांना रडूच आलं. अंतरपाट खाली येतो त्या क्षणाचा, टक्क उघड्या डोळ्यांचा, एकच फोटो त्यांना पाहिजे होता. तेवढा मिळाला की पोरगी खुशाल भिलाईला जाऊ दे.

आणि मग सायन्सच्या बाईंचं डोकं चाललं. पोरगी घाबरते ती डोक्यावरच्या काचेला. मग काच तिथं ठेवायचीच कशाला? फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवायचा, लांब कुठंतरी मांडवाच्या खांबाला, आंब्याच्या डहाळीत लपवून बांधायचा. तिला कळणारसुद्धा नाही! शिवाय उजेड कडेनं आला की चेहऱ्याला नाक-डोळे येतात, समोरून आला की चेहऱ्याचा पिठाचा गोळा होतो, हे त्यांना चांगलं माहीत होतं. ही गोष्ट सुचली तेव्हा त्या नववी ब च्या वर्गात फळ्यावर आरसा काढत होत्या. हातातला खडू ठेवून त्या एकट्याच हसल्या, आणि बाईंना काय झालं म्हणून सगळा वर्ग हसला.

रविवारी त्या गुलबर्ग्याला गेल्या. तिथं सुपर मार्केट नावाच्या पेठेत बसवंतप्पांचं फोटोच्या सामानाचं दुकान होतं. बसवंतप्पांनी काउंटरवर एकेक वस्तू अशी मांडली जशी शालू दाखवायलेत.

"अक्का, हे बघा. दांड्याचा मोठा फ्लॅश. कलेक्टर हाफिसात हाच हाय."

तो दांडा उचलून इंदुताईंचा खांदा वाकडा झाला. किंमत ऐकून दुसराही झाला.

"मग हे घ्या. डोळा. हा दुसऱ्या फ्लॅशला लावायचा. तुमचा कॅमेऱ्यावरला उडाला की त्याचा उजेड बघून लांबचा पण उडतोय. वायर न्हाई, काय न्हाई!"

"म्हणजे फ्लॅश दोन पाहिजेत?"

"व्हय की."

"आणि एक माझ्या डोक्यावर राहणारच?"

"व्हय की, अक्का!"

"मग माझी पोरगी त्याला बघून मिटलीच की डोळे!" इंदुताईंनी तो डोळा परत केला. राहिली तिसरी वस्तू. फ्लॅशची लांब वायर, पंधरा फुटी, परदेशी, डबीत वेटोळं घालून बसलेली. अगदी पाहिजे ती. किंमत विचारली आणि बाईंनी डबी बंद केली. लग्नात मुलीला पैठणी द्यायची का वायर, असा प्रश्न होता, आणि भिलाईत वायर नेसता येत नाही.

बिदरला उतरल्या त्या तडक बाबूलालच्या टपरीवर. बाबूलाल रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानं फ्लॅश उलटापालटा करून बघितला आणि कपाळावर हात मारला.

"बाजी, इत्ते काम कू गुलबर्गा कायकू गए? इसकू क्या चाहिए? दो तारां एक दूसरे कू मिले तो उनो उडता. घर की बेल बी वैसीच बजती." त्यानं दोन तारांची टोकं एकमेकांना टेकवली. फट्! टपरीत लख्ख उजेड पडला, शेजारचा पानवाला दचकला आणि इंदुताईंनी टाळी वाजवली. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईनं भर चौकात टाळी वाजवली!

बेलची वायर बाबूलालकडं तुकड्या-तुकड्यांत होती. तीन तुकडे जोडून वीस फूट झाली. पहिल्या जोडाला काळी टेप गुंडाळली आणि टेप संपली. तो म्हणाला, उद्या या. इंदुताईंना कुठला उद्या? "मी गुंडाळते घरी," म्हणून त्या वायरीचं भेंडोळं घेऊन निघाल्याच. घरी टेप नव्हती, पण जखमेवर लावायची चिकटपट्टी होती. तीच फास्स करून गुंडाळली. दुसऱ्यांच्या पोरींना विजेचे धडे देणारी बाई, पण आनंदात माणसाचं डोकं कुठं जाग्यावर असतं!

वृंदाला पत्ता लागू द्यायचा नव्हता, म्हणून परीक्षा घेतली ती शेजारच्या राजूबाईंच्या म्हशीवर. फ्लॅश कडब्याच्या गंजीत खोवला, वायर ताणली, आणि खटका दाबला. फोटो धुतल्यावर इंदुताई बघतच राहिल्या. काय ती म्हैस! शिंगांना कडेनं रुपेरी धार, नाकपुडीवरचा एकेक केस वेगळा, आणि डोळे? असे उघडे, असे पाणीदार, की राजूबाईंनी तो फोटो फ्रेम करून देवघराशेजारी लावला. इंदुताईंनी भावाला पत्र टाकलं, "स्टुडिओवाला सांगू नकोस. फोटो मीच काढणार."

लग्न भावाच्या गावी, खजुरीला होतं. आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी खजुरीत शेंबड्या पोराला ठाऊक होती आणि बिदरहून आलेल्या इंदुताईंना ठाऊक नव्हती. खजुरीच्या लग्नात हावगेप्पाचा बँड मांडवाबाहेर, खांबाला टेकून बसायचा, कारण आत माणसांना जागा पुरायची नाही. बाहेरून मंगलाष्टकं नीट ऐकू यायची नाहीत. पूर्वी कुणीतरी उपरणं हलवून खूण करायचा, पण तो खूण करणारा बाबाच अक्षता टाकण्यात रमायचा. शेवटी जवळच्या आळंद गावच्या स्टुडिओवाल्याशी ठरलं. मंगलाष्टकं सुरू झाली की त्यानं एकही फोटो काढायचा नाही, अंतरपाट पडला की पहिला फ्लॅश मारायचा, आणि तो दिसला की हावगेप्पानं वाजवायचं. सहा वर्षं हेच चाललं होतं. फ्लॅश उडाला म्हणजे लग्न लागलं!

लग्नाच्या दिवशी इंदुताईंनी पहाटेच फ्लॅश कडेच्या खांबाला डहाळीत बांधला. खाली हावगेप्पा क्लॅरिनेट पुसत बसला होता. वायर जाजमाच्या कडेनं, बायका उभ्या राहणार होत्या तिथून, त्यांच्या स्टुलापर्यंत आणली. पाल्यानं आणि डहाळ्यांनी मांडव असा भरला होता की दुपारीसुद्धा आत दिवेलागणीसारखं वाटत होतं. उकाडा तर विचारू नका. मुहूर्त बारा एकवीसचा. अंतरपाटाचं एक टोक भटजींनी धरलं, दुसरं वृंदाच्या मामांनी, पलीकडं हार घेऊन नरहर, अलीकडं हार घेऊन वृंदा, आणि स्टुलावर कॅमेरा घेऊन इंदुताई.

पांडुरंगरावांच्या शेजारच्या सत्यभामाबाई बायकांत सगळ्यांत पुढं होत्या. ह्या बाईला मंगलाष्टकं पाठ. भटजींच्या मागं त्याही म्हणायच्या आणि पायानं ताल धरायच्या. मांडवात सगळे अनवाणी, सत्यभामाबाईंच्या पायांत चांदीची ठसठशीत जोडवी. आणि त्या पायाच्या बरोबर खाली, घामानं आणि उकाड्यानं सुटलेली चिकटपट्टी, नि उघड्या पडलेल्या दोन तारा.

तिसरं मंगलाष्टक संपत आलं. सत्यभामाबाईंनी समेवर पाय आपटला.

फट्!

"लागलं रे!" म्हणून हावगेप्पानं क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि ढोल-ताशे फुटले. मग काय विचारता! अडीचशे माणसांनी मुठीतल्या होत्या नव्हत्या त्या अक्षता एकदम उधळल्या. टाळ्या. मामांनी बिचाऱ्यांनी अंतरपाटाचं टोक सोडलं. मागच्या पंगतीच्या जागेवर लोक धावत जाऊन बसलेसुद्धा, आणि आचाऱ्यानं पहिल्या पानावर वरण वाढलं.

"थांबाऽऽ!" भटजी अंतरपाटाचं उरलेलं टोक छातीशी धरून ओरडायले. "तिसरं आहे! तिसरं! चार मिनिटं आहेत अजून!"

"अगं बया, पायाला कायतरी चावलं!" सत्यभामाबाईंनी पाय उचलून बघितला, काही दिसलं नाही, परत ठेवला.

फट्!

नुकता थांबलेला बँड परत सुरू. इंदुताईंच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. स्टुलावरूनच त्या किंचाळल्या, "सत्यभामाबाई, पाय उचला! पाय!"

"कंचा?"

"उजवा!"

सत्यभामाबाई एका पायावर उभ्या राहिल्या, शेजारणीचा खांदा धरून. कामून, कशाला, काही विचारलं नाही. मास्तरीणबाई सांगायल्या म्हणजे काहीतरी शास्त्र असणार. मामांनी सुटलेलं टोक परत धरलं, पण अंतरपाटाआड वृंदाला हसू आवरेना. मुंडावळ्या गदगदा हलत होत्या. पलीकडून नरहरचंही खुसखुसणं ऐकू यायलं होतं, आणि भटजींनी सगळ्यांवर डोळे वटारत चौथं मंगलाष्टक धरलं.

पाचवं झालं. घड्याळ बारा एकवीसवर आलं. "शुभमंगल सावधान!" अंतरपाट खाली आला. सत्यभामाबाईंनी दोन्ही हातांनी अक्षता टाकल्या आणि त्या नादात पाय खाली ठेवला.

फट्!

इंदुताईंनी खटका दाबला तो त्यानंतर. खटका वाजला, उजेड आलाच नाही. फ्लॅश नुकताच उडून रिकामा झाला होता. आणि हावगेप्पा? दोनदा तोंडघशी पडलेला माणूस, त्यानं ह्या खेपेला ठरवलं होतं की कुणी काही करो, वाजवायचं नाही. त्यामुळं ऐन मुहूर्ताला मांडवात चिडीचूप झालं. त्या शांततेत इंदुताईंचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"गेलं," त्या म्हणाल्या. "गेलं गं बाई."

वृंदानं मान वळवली. आत्याचं तोंड पार उतरलेलं. आईविना पोर एकटीनं वाढवली तेव्हा हे तोंड उतरलं नव्हतं, आणि आज उतरलं होतं. वृंदाचं हसू थांबलं. नरहरच्या गळ्याकडं निघालेला हार तिनं तसाच हवेत धरला.

"काय झालं आत्या?"

"तुझा फोटो गेला. उघड्या डोळ्यांचा. दिवा भरायला वेळ लागतोय, सेल पण उतरायलेत..."

"मग भरू दे की. थांबते मी."

"थांबते म्हणजे?" भटजी उडालेच. "अगो, वर समोर उभा आहे!"

"उभा राहतो की," नरहर म्हणाला. "मुहूर्त तुम्ही गाठलात, भटजी. आता काय घाई आहे?"

पांडुरंगराव पुढं काही बोलणार होते. वृंदानं त्यांच्याकडं बघितलं आणि ते मागं सरले.

फ्लॅशच्या पाठीला तांबडा दिवा असतो. तो लागला की फ्लॅश भरला. खांबाजवळ सगळ्यांत उंच माणूस हावगेप्पा, त्याला इंदुताईंनी ओरडून सांगितलं, "अण्णा, तांबडा दिवा लागला की सांगा!" हावगेप्पानं टाचा उंचावून डहाळीत डोकं घातलं. सत्यभामाबाई जाजमावर खालीच बसल्या आणि पुन्हा घोटाळा नको म्हणून आपला उजवा पाय दोन्ही हातांनी धरून बसल्या.

"लागला का?"

"न्हाई, अक्का. काळाच हाय."

सगळा मांडव खांबाकडं बघायला लागला. पंगतीतले लोक पानावरून उठून आले. आचारी वरणाचं भांडं घेऊन आला.

"आता?"

"वाईच लुकलुकायलाय... न्हाई, गेला."

हार खाली येऊ लागला की वृंदा तो परत वर उचलायची. ती कॅमेऱ्याकडं बघत होती, पापणी न हलवता, डोळ्यांत पाणी तरारलेलं.

"मीट गं तोवर!" इंदुताई कळवळल्या. "जळतील डोळे!"

"न्हाई. एकदा मिटले की परत मिटतीलच. मी सांगते ते ऐक आत्या, तू नुस्तं माझ्याकडं बघ." आणि तशा पाणावल्या डोळ्यांनीच ती पुन्हा हसायला लागली.

"लागलाऽऽ!" हावगेप्पा मांडव दणाणून ओरडला.

इंदुताईंनी खटका दाबला. फट्! वृंदानं हार नरहरच्या गळ्यात टाकला, हावगेप्पानं दोन लग्नांचं एकदम वाजवलं, आणि अक्षता संपल्या होत्या म्हणून लोकांनी खाली पडलेल्या गोळा करून पुन्हा टाकल्या.

वरात भिलाईला गेली. इंदुताईंचा धीर होईना, स्वतः धुताना रोल बिघडला तर? म्हणून त्या रोल घेऊन गुलबर्ग्याला बसवंतप्पांकडं गेल्या. तासाभरानं बसवंतप्पा ओला फोटो चिमट्यात धरून बाहेर आले आणि काउंटरवर ठेवून दोघं त्यावर वाकले.

उजेड कडेनं आला होता, मुंडावळ्यांचा एकेक मोती वेगळा दिसत होता. नरहर मान वर करून खांबाकडं बघत होता. भटजी खांबाकडं. मामा, पांडुरंगराव, वरणाचं भांडं घेतलेला आचारी, पाय धरून बसलेल्या सत्यभामाबाई, सगळे तोंडं वासून खांबाकडं. आणि मधोमध वृंदा, हार उचललेला, पाणी भरलेले डोळे टक्क उघडे.

"अक्का, हे सगळे कुठं बघायलेत?" बसवंतप्पांनी विचारलं.

"दिव्याकडं."

"आणि ही पोरगी?"

इंदुताईंनी पदर तोंडाला लावला. हसू का रडू त्यांनाच कळेना.

"माझ्याकडं," त्या म्हणाल्या.